हिरवा ठिपका

सांगली,
२ सप्टेंबर २०२०

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मधेच फोन ठेवलास, त्याला आज तीन दिवस झाले. त्यानंतर ‘जेवलो’, ‘क्लास चालू आहे’, ‘नंतर बोलतो’ असे तीन मेसेज आले. म्हणून कागद घेऊन बसले आहे. कागद मधेच ठेवून देता येत नाही.

काल गणपती घरातच बादलीत विसर्जन केले. आजींनी बादलीलाही हळदकुंकू लावलं. मोदक नेहमीप्रमाणे एकवीस केले, सवयीने. तुझ्या वाटणीचे बाबांनी आज सकाळी चहाबरोबर खाल्ले आणि वर मलाच विचारलं, एवढे केलेस कशाला म्हणून.

आधी माझी चूक कबूल करते. मी तुझ्यावर पाळत ठेवते असं म्हणालास, ते खरं आहे. एप्रिलमध्ये विश्वनाथन आनंद, विदित गुजराथी वगैरे मंडळी मदतनिधीसाठी बुद्धिबळाचे ऑनलाइन डाव खेळणार होती, ते बघता यावं म्हणून तूच मला चेस डॉट कॉमवर खातं काढून दिलंस. तुझ्या नावाशेजारी हिरवा ठिपका दिसला की तू जागा आहेस, एवढंच मला त्यातलं कळतं. आधी रात्री झोपताना एकदा बघायची. मग पाणी प्यायला उठले की बघायची. आता बघण्यासाठीच पाणी प्यायला उठते. गेल्या गुरुवारी रात्री सव्वा वाजल्यापासून पावणेचारपर्यंत तू एक-एक मिनिटाचे एकसष्ट डाव खेळलास. सकाळी आठला तुझी लहान मुलांची बॅच असते. म्हणजे झोपलास किती, हा हिशेब प्राथमिक शिक्षिकेलाही येतो रे.

झोपेवर बोलायचं नाही असं ठरवून बसले होते. पहिल्याच पानावर बोलून झालं.

तुला वाटतं मी शिस्तीसाठी ओरडते. तसं नाही. बारा वर्षं मी स्पर्धांच्या हॉलबाहेर बसले आहे. मिरजेला, कोल्हापूरला, पुण्याला, आणि आपल्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांना तर दरवर्षी. बाहेर बसणाऱ्या आयांचा एक नियम होता, पोर बाहेर आलं की ‘काय झालं?’ विचारायचं नाही. आधी पाणी द्यायचं. मला विचारायची गरजच नसे. जिंकलास की स्कोअरशीट चार घड्या करून खिशात असायची. बरोबरी झाली की ती हातात असायची आणि तू कुणाशी तरी बोलत यायचास. हरलास की आधी नळावर जाऊन तोंड धुवायचास, आणि शर्टाचं वरून दुसरं बटण लोंबत असायचं. विचार करताना तू ते पिळतोस. आठ-नऊ वर्षांत त्या एका जागी मी किती वेळा बटण शिवलं असेल! शेवटी तिथलं कापडच विरलं, मग आतून ठिगळ दिलं.

कोरोनामुळे आता हॉलच नाही, तर दार कुठलं? तू डाव संपवून खोलीतच बसतोस आणि पुढचा सुरू करतोस. हरून आलेल्या तुला पाणी कोण देतं, हे मला कळायला मार्ग नाही. एक ठिपका आहे तेवढा.

रविवारी मी आनंदाने फोन केला होता, खरंच. ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिम्पियाडची भारत-रशिया फायनल बाबा आणि मी दोघांनी मोबाइलवर बघितली. पहिला सामना ३-३. दुसऱ्यात इंटरनेट कोलमडलं आणि निहाल आणि आपल्या नागपूरची दिव्या, दोघांचेही डाव घड्याळावर गेले. चौदा वर्षांची पोर, तिच्या आईच्या पोटात काय झालं असेल या विचाराने मला पुढचं दिसेना. मग भारताने दाद मागितली आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेने, त्या फिडेने, दोन्ही देशांना सुवर्ण जाहीर केलं. नाशिकचा विदित कप्तान, नागपूरची दिव्या, म्हणून मी घाईने तुला फोन लावला. आणि तू म्हणालास, ‘त्यांचं नेट गेलं की सुवर्ण, माझं गेलं की शून्य.’

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. जुलैतली ती शेवटची फेरी माझ्या लक्षात आहे. जिंकत आलेला डाव, नेट गेलं, तू परत जोडला जाईपर्यंत घड्याळ संपलं, आणि आयोजकांनी तुझ्या मेलला साधं उत्तरही दिलं नाही. तुझा राग खोटा नव्हता. आणि मी काय बोलले? ‘रात्रभर ते मिनिटाचे बुलेट डाव खेळल्यावर दुसरं काय होणार.’ नेटचा आणि झोपेचा काय संबंध? तुझा शब्द खरा आहे, मला खेळातलं काही कळत नाही.

पण शरीरातलं कळतं. तूच सहावीत असताना लाडवाचा डबा मांडीवर घेऊन मला सांगितलं होतंस, कार्पॉव्ह-कास्पारॉव्हचा १९८४चा जगज्जेतेपदाचा सामना पाच महिने चालला, ४८ डाव झाले तरी निकाल नाही, आणि कार्पॉव्हचं वजन जवळपास दहा किलो उतरलं, म्हणून बुद्धिबळ खेळणाऱ्याला लाडू लागतात. मी ते खरं धरून वर्षभर डिंक आणि बदाम आणले. मग आता तो नियम कुठे गेला? हॉलमध्ये चाल केली की तू उठून, हात मागे बांधून दुसऱ्यांचे पट बघत फिरायचास. आता कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. त्यात स्वतःची तयारी, त्यात सहा बॅचेस. दहा-अकरा तास एका प्लास्टिकच्या खुर्चीत. मान धरते असं तू मावशीला सांगितलंस, मला नाही. जगज्जेता कार्लसनसुद्धा फुटबॉल खेळतो, ट्रेडमिलवर पळतो. तू निदान गच्चीवर जा, सकाळी वीस मिनिटं ऊन घे, सूर्यनमस्कार घाल, रात्री अकराला मोबाइल दुसऱ्या खोलीत...

झालं. पुन्हा शाळा भरवली. बाबा कालच म्हणाले, ‘पत्रात फळा-खडू नेऊ नकोस.’ माफ कर.

तुझं काय अडलंय ते मी समजून घेतलं आहे, अगदीच अडाणी नाही. किताबासाठी मोठ्या स्पर्धांत मिळवावे लागतात ते तिन्ही नॉर्म झाले, रेटिंग २३७८, आणखी बावीस गुण मिळून २४०० झालं की इंटरनॅशनल मास्टर. एप्रिलची स्पर्धा रद्द झाली, मेची झाली, आता कधी होणार कुणी सांगत नाही. रात्रीच्या त्या एकसष्ट डावांनी त्या बावीसातला अर्धा गुणही कमी होत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी खेळतोस. हरलेला एक डाव भरून काढायला आणखी साठ. तुमच्यात त्याला टिल्ट म्हणतात ना? आमच्या गल्लीत त्याला वेगळं नाव आहे, आणि तुझ्या काकांनी त्याच्यापायी विहिरीकडचं शेत घालवलं. तुलना केली म्हणून रागावू नकोस. भीती वाटली की मला काकाच आठवतात.

थांबून राहावं लागलेला तू एकटा नाहीस. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी येकातेरिनबुर्गची कँडिडेट्स स्पर्धा मार्चमध्ये सात फेऱ्यांवर थांबली, ती अजून तशीच अर्धी आहे. अर्धा डाव पोटात ठेवून ती आठ माणसं घरी जेवताहेत. विशी आनंद बुंडेसलिगा या बुद्धिबळ लीगसाठी जर्मनीत गेला तो तिथेच अडकला, ३० मेला परत येता आलं. बायको-मुलगा इकडे, हा तिकडे. तेव्हा तू म्हणाला होतास, ‘बघ, विशीसुद्धा रूमवरच आहे.’ किती हसलो होतो आपण. मार्च-एप्रिलमधला तुझा आवाज वेगळा होता. तेव्हा तू वरणभाताच्या कुकरचा फोटो पाठवायचास.

इथलं तुला मुद्दाम सांगत नव्हते. महिनाभर माझी सर्वेक्षणाची ड्यूटी आहे. ऑक्सिमीटर आणि ती कपाळाला लावायची बंदूक घेऊन घरोघर फिरते. भोसले मास्तर गेले. त्यांना तीन ठिकाणी फिरवलं, बेड मिळाला नाही. आजींना सांगितलेलं नाही, त्या रोज विचारतात की मास्तर पेपर मागायला का येत नाहीत. गेल्या वर्षी पुराच्या पाण्यातून तू आजींना पाठीवर घेऊन जिना चढलास आणि तुझ्या ट्रॉफ्या खालीच राहिल्या, त्याची त्या अजून रुखरुख करतात. ‘ढाली वाचवायला हव्या होत्या, मी काय, पोहले असते,’ म्हणतात.

तू दर महिन्याला पाठवतोस ते पैसे मी वेगळे ठेवते. बाबांचं दुकान आता उघडं असतं, गिऱ्हाईक नसतं, पण आमचं भागतं. त्या पैशांतून एक बरी खुर्ची घे, पाठीला टेकू असलेली. ही विनंती आहे, सल्ला नाही. विशीतला मुलगा घरी पैसे पाठवतो हे मी शाळेत सगळ्यांना सांगते, तुला सांगायचं राहून जातं.

जिल्ह्याबाहेरच्या एसटी सुरू झाल्या आहेत, आणि आजपासून खासगी गाडीलाही ई-पास लागत नाही. आजींना आपल्यामुळे काही होईल म्हणून तू येत नाहीस, ते मला पटतं. तरी माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. चौदा दिवस वर राहा, ताट जिन्यात ठेवीन. नेट इथलं वाईट आहे, ते बाबा बघतो म्हणाले आहेत, म्हणजे बघणार नाहीत. ये असं म्हणत नाही. खोली झाडली आहे एवढंच कळवते.

पत्राबरोबर चिवडा आणि तुझा निळा शर्ट पाठवते आहे. बटण घट्ट शिवलं आहे.

तुझी,
आई

ता. क. तुझी पाळत ठेवायची नाही म्हणून काल संध्याकाळी ते ॲप मोबाइलमधून काढून टाकलं होतं. आत्ता रात्रीचे अडीच वाजलेत. पुन्हा घेतलं, पासवर्ड आठवायला वीस मिनिटं गेली. तुझा ठिपका हिरवा नव्हता. झोपला असशील. नाहीतर त्या दुसऱ्या साइटवर, लिचेसवर गेला असशील, तिथे कसं बघायचं ते मला अजून येत नाही.