विडी कामगार महिलांच्या आरोग्य पाहणीसाठी हातभार लावा

सोलापूरकर बंधू-भगिनींनो,

अशोक चौकापासून कुंभारीच्या विडी घरकुलापर्यंत आपल्या हजारो महिला मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात. घर एका खोलीचं असलं की तंबाखू, शेगडी आणि निजलेलं लेकरू सगळं तिथंच. तंबाखूची धूळ श्वासातून जाते, निकोटिन बोटांच्या कातडीतूनही अंगात भिनतं. मान-पाठ आखडते, खोकला सुटत नाही. पण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, त्यामुळे दुखणं अंगावर काढायचं. सकाळी ओपीडीच्या वेळेलाच कारखान्यात विड्या मोजून द्यायच्या असतात. त्यात काही छाट म्हणून बाजूला पडतात, त्यांचे पैसे नाहीत. दवाखान्याला जायचं कधी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. त्या आकड्यात विडी वळणारी बाई वेगळी दिसत नाही, आणि पन्नाशीनंतरही वळत राहणारी तर मोजलीच जात नाही. विड्यांवर 1976 च्या कायद्याने कामगारांच्या कल्याणासाठी उपकर होता, त्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालायच्या. जीएसटी आला तेव्हा, 2017 मध्ये, तो बंद झाला. अशा वेळी नेमकी गरज कुणाला आहे हे घरोघरी जाऊनच कळणार.

म्हणून आमच्या मंडळाने पाहणी हाती घेतली आहे. हिमोग्लोबिन, रक्तदाब, वजन आणि खोकल्याची चौकशी तर करूच. पण रेशनकार्ड चालू आहे का, पीएफचा नंबर हातात आहे का, घरात कमावणारं दुसरं कुणी आहे का, औषध मध्येच का सोडलं, हेही विचारू. आमच्या मते आजारापेक्षा ह्या प्रश्नांची उत्तरंच जास्त बोलकी असतील. खोकला सांगितला तर काम जाईल ही भीती खरी आहे, त्यामुळे कुणाचंही नाव बाहेर जाणार नाही. संमती तिच्या भाषेत, तेलुगू, मराठी किंवा हिंदीत घेऊ. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी रुग्णालयात क्षयरोगाच्या मोफत थुंकी तपासणीला आमची कार्यकर्ती सोबत जाईल. फॉर्म भरून घेणारे पुष्कळ येऊन गेले, निकाल सांगायला कुणी परतलं नाही, असं वस्तीतल्या बायका म्हणतात. आमचे निकाल आधी त्यांच्याच हाती पडतील.

आम्हाला हवं आहे ते असं: हिमोग्लोबिन तपासायच्या पट्ट्या, रक्तदाबाची यंत्रं, वजनकाटे किंवा त्यासाठी रोख देणगी. संध्याकाळी दोन तास देऊ शकतील अशा महिला डॉक्टर आणि परिचारिका. आणि सगळ्यात जास्त निकड आहे ती तेलुगू बोलणाऱ्या मुलींची. कॉलेजच्या विद्यार्थिनींनी जरूर यावं, प्रशिक्षण आम्ही देऊ.

रोख देणगीची पावती लगेच मिळेल. पैन् पैचा हिशेब मंडळाच्या फलकावर लागेल. कार्यालय रोज संध्याकाळी उघडं असतं, देणगी द्यायची नसली तरी चौकशीला या.

आपले,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते, सोलापूर