किल्ला फोटोपुरता नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत ‘सुटीत मुलांना कुठे न्याल?’ हा मजकूर वाचला. वॉटर पार्कला अर्धा स्तंभ, गेम झोनला रंगीत चौकट आणि आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला एक ओळ : ‘फोटो काढण्यासाठी छान जागा’. मनापासून वाईट वाटले. त्याच दिवशी सकाळी मी दोन नातवंडांना घेऊन किल्ल्यात गेलो होतो. फोटो काढणाऱ्यांनी तिथे काय चालवले आहे, ते पाहून घरी आलो आणि मग तुमची पुरवणी उघडली.

उन्हं चढायच्या आत पोचलो होतो. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. आत शिरताच सहा वर्षांच्या नातीने विचारले, “एवढी मोठी भिंत आहे, मग आत अजून एक भिंत कशाला?” बाहेरचा तट पाडून शत्रू आत आलाच, तर दोन भिंतींच्या मधे सापडायचा, असे सांगितल्यावर दोघेही त्या मधल्या जागेत शत्रू होऊन पळत सुटले. बुरुजावरून सिद्धेश्वराचे तळे दाखवले. बाकी बाजूंना खंदक खोदला, इकडे तळ्यानेच ते काम केले. चांदबिबीच्या लग्नात हा किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीने विजापूरच्या आदिलशहाला हुंडा म्हणून दिला, हे ऐकून नातू म्हणाला, “किल्ला कसा देतात? उचलून?” पाऊण तास कुणी मोबाइल मागितला नाही. सांगणारे कुणी बरोबर असले की मुले किल्ल्यात रमतात, हे मी खात्रीने लिहितो.

मग आतल्या जुन्या देवळाच्या अवशेषांजवळ आलो. तिथे एक चांगल्या घरचे वाटणारे गृहस्थ आपल्या मुलाच्या हातात गाडीची किल्ली देऊन उभे होते. मुलगा दगडावर नाव कोरत होता आणि वडील मोबाइल धरून सांगत होते, “खोल कोर, फोटोत दिसलं पाहिजे.” पहिले अक्षर झाले होते. दगडाची पांढरी भुकटी त्या पोराच्या सँडलवर पडत होती. शेजारी आधीचे बाण मारलेले बदाम, नावे, तारखा होत्याच. मी शांतपणे म्हणालो, “साहेब, असं नका करू, मुलगा लहान आहे, त्याला हेच वळण लागेल.” त्यावर ते म्हणाले, “किल्ला काय तुमच्या बापाचा आहे का?”

माझ्या नातवाने माझा शर्ट घट्ट धरला होता. मला तेव्हा काही सुचले नाही. मुलांना घेऊन निघून आलो. रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेले नाही, म्हणून उत्तर इथे देतो.

होय, माझ्या बापाचा आहे. वडील गिरणीत होते. सुटीच्या दिवशी मला सायकलच्या दांडीवर बसवून किल्ल्यात आणायचे. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. दाराला आतून कडी घालून आई पोरांना गप्प बसवायची, एवढेच त्यांना आठवे. पण मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही चार नावे ते याच तटाला टेकून माझ्याकडून म्हणून घेत. स्वातंत्र्यलढ्यातल्या या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांनी कुठल्या दगडावर नाव कोरले नव्हते, तरी गावाला ती पाठ आहेत. त्या गृहस्थांच्या मुलालाही ती कुणीतरी सांगायला हवीत. त्या पोराचा यात काही दोष नाही.

संरक्षित वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असा कायदा आहे. हे पुरवणीत चौकटीत छापा ना! लोकांना फोटोसाठी किल्ल्यात पाठवणार असाल, तर एवढे सांगण्याची जबाबदारी तुमचीही आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, हेही लिहा. गेम झोनचे दर तेवढे न चुकता छापले आहेत.

लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. पार्क चौकातून दोन मुलांचे हात धरून रस्ता ओलांडणे म्हणजे जिवाशी खेळ झाला आहे. आम्ही दहा मिनिटे उभे होतो. शेवटी एका रिक्षावाल्या दादांनी रिक्षा आडवी लावून गाड्या थांबवल्या, तेव्हा पलीकडे गेलो. त्यांचे नाव विचारायचे राहिले, त्यांचे आभार.

नातवाने त्या दिवसापासून एकच धोशा लावला आहे : “आजोबा, ते अक्षर दगडावरून पुसता येतं का?” दगडाच्या कामातल्या कुणा जाणकाराने आपल्या अंकातून याचे उत्तर द्यावे, ही विनंती. येत्या रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत, त्याआधी मिळाले तर बरे होईल.

आपला जुना वाचक,
शुक्रवार पेठ, सोलापूर