गाय वांझ ठरवण्याआधी वळू तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आमच्या तालुक्यातल्या वंध्यत्व निवारण शिबिराची बातमी आली, फोटोसकट. फोटोत गायी रांगेत बांधलेल्या, डॉक्टर हातात लांब ग्लोव्ह घालून उभे, बाजूला पुढारी मंडळी. बातमी चांगलीच आहे, शिबिरं झालीच पाहिजेत, पण मी तो फोटो दोनतीनदा बघितला आणि त्यात एकही वळू दिसला नाही. आजवर जितक्या शिबिरांना मी गाय घेऊन गेलोय तिथंही कधी दिसला नाही. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की दोष गायीचा, हे आपण धरूनच चालतो. माणसांतही हेच चालतं म्हणा, पण तो विषय आत्ता नको.

आम्ही अकोले तालुक्यातले डांगीवाले. डांगी म्हणजे पांढऱ्यावर काळे नाहीतर तांबडे ठिपके असलेली जात, कातडी तेलकट त्यामुळे आमच्याकडचा धो धो पाऊस अंगावर घेते आणि खूर टणक म्हणून भातखाचरात टिकते. गोठ्यात बांधून इंजेक्शनवर गाभण करायची ही जनावरं नव्हेत, सकाळी डोंगराला सोडायची, संध्याकाळी परत. आमच्या चार घरांची मिळून ७४ गायी आणि त्यांच्यात एकच वळू. गावात कुणाला यात काही चुकीचं वाटत नव्हतं, मलाही नव्हतं. वळू आहे ना खांडात, म्हणजे कळपात, मग झालं.

आता हिशोब बघा. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज टिकतो जेमतेम १२ ते १८ तास. ७४ पैकी ५० जरी रिकाम्या असल्या तरी रोज दोनतीन गायी माजावर. त्यात आमच्याकडे पावसाळा संपता संपता अंगावर मांस चढलं की सगळ्या एकदमच येतात, एखाद्या दिवशी पाच पाच. वळू काय करतो, एकीच्याच मागं दिवसभर फिरतो, तिलाच पुन्हा पुन्हा लागतो, बाकीच्या ओढ्यापलीकडं तशाच राहतात. अमेरिकेतल्या रँचवर पूर्ण वाढलेल्या एका वळूमागं २५ ते ३० गायी धरतात आणि कोवळा असेल तर जितक्या महिन्यांचा तितक्याच गायी, म्हणजे १५ महिन्यांच्या खोंडाला १५. आणि तिथली कुरणं बहुतेक ठिकाणी तारेच्या कुंपणातली, आमचा डोंगर कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते वळूलाही माहीत नाही.

पण आकड्यापेक्षा मोठा घोटाळा आमच्याकडं दुसराच झाला. २०२२ साली ऑगस्टमध्ये जळगावकडं लंपी, जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग, निघाला आणि बघता बघता राज्यभर पसरला, हे सगळ्यांना आठवत असेल. आमच्या वळूला सप्टेंबरच्या शेवटाला ताप भरला, अंगावर गाठी, पाय सुजलेले, चारा सोडला. पंधरा दिवसांनी उठला. गाठींची खपली धरली, खायला लागला, सगळ्यांनी नारळ फोडला. ऑक्टोबरात तो खांडात परत, गायींवर चढतोय, सगळं पहिल्यासारखं. आम्हाला काय कळणार! मग त्याच गायी २१ दिवसांनी परत माजावर, परत २१ दिवसांनी. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, गाभण मोजून नऊ.

मग शिबिर. गायी नेल्या, गर्भपिशवी धुतली, मिनरल मिक्श्चर दिलं, जंताचं औषध दिलं, वळूचं नावही कुणी काढलं नाही. डॉक्टरांना दोष देत नाही, आम्ही वळू नेलाच नव्हता आणि त्यांच्या फॉर्मवर वळूचा रकानाच नव्हता. दोन गायी भाकड म्हणून मी स्वतः विकल्या, पडेल भावात. त्यातली एक, कपाळावर चांदा असलेली, शेजारच्या गावात गेली आणि दोन महिन्यांत तिथल्या वळूला फळली. घेणारा मला बाजारात भेटला तेव्हा चहा पाजून हसत सांगत होता. तो चहा अजून घशात अडकलाय.

त्यानंतर ओळखीतल्या एका पशुवैद्यकाला हातापाया पडून बोलावलं. त्यांनी आधी वळू नुसता चालवून बघितला, कारण मागच्या पायात दुखणं असेल तर तो चढणारच नाही. मग खोड्यात घालून साधा शिंप्याचा टेप काढला आणि अंडकोषाचा घेर मोजला. दोन वर्षांवरच्या विलायती वळूला ३४ सेंटिमीटर तरी घेर लागतो, आपल्या देशी वळूंचा कमी असतो त्यामुळे तो आकडा डोळे झाकून लावायचा नाही, हे त्यांनीच सांगितलं. पण आमच्या वळूचा एक वृषण हाताला खारकेसारखा लागत होता, बारीक आणि कडक. मग वीर्य काढून तिथंच ओट्यावर मायक्रोस्कोपखाली धरलं. दुसऱ्या एका चांगल्या वळूचा नमुना त्यांनी मोबाईलवर दाखवला, आभाळात ढग घुसळावेत तशी नुसती खळबळ. आमच्या वळूचा बघितला तर साचलेलं डबकं, एखादा जीव कुठंतरी वळवळतोय, बाकी सगळं गप्प.

त्यांनी समजावलं ते असं. वृषण शरीराबाहेर लोंबतात कारण त्यांना अंगापेक्षा चारपाच डिग्री थंड राहावं लागतं. मोठा ताप आला की आतला माल खराब होतो आणि नवीन तयार व्हायला साठेक दिवस लागतात. म्हणजे वळू वरून बरा झाला तरी दोन महिने त्याचा भरवसा नाही, आणि लंपीत वृषणालाच सूज आली तर कधी कधी कायमचाच गेला. आमचे ते दोन महिने नेमके माजाच्या हंगामात गेले. वर लंपीचा विषाणू वीर्यातूनही बाहेर पडतो, म्हणजे तो बरा दिसला म्हणून खांडात सोडायलाच नको होता.

यातली खरी गंमत अजून राहिली. खांडात एक अडीच वर्षांचा खोंड होता, चांगला, शिंगाला दमदार. पण म्हातारा वळू त्याला गायींजवळ फिरकू देत नव्हता, शिंगं रोखून हाकलायचा. स्वतःकडून काही होईना आणि पोराला करू देईना! असं खुर्चीला चिकटून बसलेलं माणूस प्रत्येकाच्या ओळखीत एखादं असतंच.

कुणी म्हणेल, मग कृत्रिम रेतन करा. करतो की, जमेल तिथं. पण डोंगरावर माज दिसतो रात्री नाहीतर पहाटे, पाड्यावर रेंज नाही, खाली येऊन फोन करेपर्यंत आणि गोठवलेल्या वीर्याचा नायट्रोजनचा डबा घेऊन माणूस वर येईपर्यंत माज संपलेला. मी डांगी वळूच्या वीर्याची कांडी मागितली तर नाही म्हणाले, जर्सी मात्र तयार. जर्सीचं पिल्लू आमच्या पावसात काय करणार? त्यामुळे आमच्यासारख्यांना वळू लागणारच. आणि तो एकच वर्षानुवर्षं ठेवूनही चालत नाही, चार वर्षांनी त्याच्याच कालवडी माजावर येतात आणि बाप त्यांनाच लागतो. पूर्वी राजूरच्या प्रदर्शनात वळूंची अदलाबदल व्हायची, आता लोक फोटो काढून घरी येतात.

आमचं मागणं फार मोठं नाही. शिबिराला गायीबरोबर गावातला प्रत्येक वळू आणायला लावा, टेप लावा, वीर्य तपासा, हे माजाच्या हंगामाआधी महिनाभर करा म्हणजे नापास झाला तर दुसरा बघायला वेळ मिळेल. ताप येऊन गेलेला वळू दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. नापास झालेल्याला चिमटा लावून बैल करा, कारण २०१५ पासून बैल-वळूच्या कत्तलीला बंदी आहे, मग तो बाद वळू जातो कुठं, तर गावातच हिंडतो आणि गायींवर चढतो. पंचवीसतीस गायींमागं एक वळू ग्रामपंचायतीनं दत्तक द्यावा आणि त्याच्या पेंडीचे पैसे द्यावेत. सगळ्यांचा वळू म्हणजे कुणाचाच नाही, त्याला पेंड घालायची वेळ आली की चार घरं एकमेकांकडं बघतात, आमची पण बघायची.

आमचा म्हातारा गेल्या वर्षी बडवला, म्हणजे त्याचा बैल केला, आता नांगराला आहे, शांत झालाय. खोंड मोठा झाला, त्याच्याबरोबर जुन्नरकडून एक दुसरा आणला आणि गायी दोन खांडांत वाटल्या. परवा दोघांचे टेप झाले. जुन्नरवाला पास, आमचा खोंड जरा काठावर, डॉक्टर म्हणाले पंधरावीस गायींच्या वर लावू नको. तेवढ्याच लावल्यात.

आपला,
एक डांगीवाला
ता. अकोले, जि. अहिल्यानगर