‘हनीपॉट विशेष’ मुंगीघराचे छत कोसळल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुंगीघर विक्री विभाग, पुणे

विषय : सदोष मुंगीघर, चुकीचे माहितीपत्रक आणि ग्राहक सेवेची दिशाभूल करणारी उत्तरे

महोदय,

स. न. वि. वि.

मागच्या नोव्हेंबरमध्ये मी आपल्या संकेतस्थळावरून ‘हनीपॉट विशेष’ हे मुंगीघर मागवले. घराचे 11,500 रुपये आणि अमेरिकेपर्यंतच्या कुरिअरचे 6,200 रुपये मी माझ्या पुण्यातल्या बँक खात्यातून आगाऊ भरले. मार्चमध्ये या घराच्या मोठ्या दालनाचे छत सुटून खाली आले. त्याला लटकलेल्या मध साठवणाऱ्या मुंग्यांपैकी बहुतेक त्यात गेल्या. यावर आपल्या ग्राहक सेवेकडून मला तीन वेगवेगळी उत्तरे आली आणि त्यातले एकही बरोबर नाही. आपले माहितीपत्रक मराठीत आहे आणि आजवरचा पत्रव्यवहारही मराठीतच झाला आहे, म्हणून हे पत्रही मराठीत सविस्तर लिहीत आहे.

मी ॲरिझोनातल्या ट्यूसनला राहते. माझ्याकडची वसाहत मिर्मेकोसिस्टस मेक्सिकॅनस या जातीची आहे. ही इथलीच, रात्री बाहेर पडणारी, फिकट पिवळी मुंगी. राणी मी कुणाकडून विकत घेतलेली नाही. 2023 च्या जुलैमध्ये पहिला जोरदार पाऊस होऊन गेल्यावर संध्याकाळी ती अंगणात सापडली. पंख गाळून ती बिळासाठी जागा शोधत होती. या जातीची राणी एकटीनेच संसार मांडते. पहिल्या कामकरी मुंग्या कोषातून बाहेर येईपर्यंत ती बाहेरचे काही खात नाही. उडण्याचे स्नायू आता लागणार नसतात, तेच शरीरात विरघळवून त्यावर ती अळ्या पोसते. एका टेस्ट ट्यूबमध्ये, कापसाच्या बोळ्यामागच्या ओलीवर हे सगळे घडताना मी पाहिले आहे. तेव्हा नुकसान किती झाले हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त पावतीवरची रक्कम नाही.

पहिली रिप्लीट (पोटात मध साठवून छताला लटकणारी कामकरी मुंगी), आमच्या घरच्या बोलीत पहिले मडके, पुढच्या वर्षी तयार झाले. आपल्या तंत्रज्ञांनी हे कधी जवळून पाहिले आहे की नाही मला माहीत नाही, म्हणून लिहिते. बाहेरून आलेल्या कामकरी मुंग्या पोटात आणलेले साखरपाणी तोंडाला तोंड लावून तिला पाजत राहतात. ते तिच्या सामाजिक जठरात साठते. ते तिचे एकटीचे खाणे नसते, सगळ्या वसाहतीचे असते. पोट ताणत जाते तशा पोटावरच्या कठीण पट्ट्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि मधली त्वचा पारदर्शक पिवळी होते. शेवटी एका द्राक्षाएवढ्या सोनेरी गोळ्यावर चार-पाच तपकिरी रेघा तेवढ्या उरतात. टंचाईच्या दिवसांत दुसरी मुंगी येऊन मिशांनी तिच्या तोंडाशी टकटक करते आणि ती एक थेंब परत देते. अशी मुंगी चालू शकत नाही म्हटले तरी चालेल. पायांच्या नखांनी ती छताला धरून असते आणि महिनोन्‌महिने तशीच राहते.

म्हणून या मुंग्यांच्या घरात सगळ्यात महत्त्वाचा भाग छत हा आहे. भिंती, खिडकी, चारा द्यायची पेटी हे सगळे त्यानंतर. ही काही नवी माहिती नाही. मुंग्यांचे अमेरिकन अभ्यासक हेन्री मॅकूक यांनी 1879 मध्ये कोलोरॅडोतल्या ‘गार्डन ऑफ द गॉड्स’ येथे याच मुंग्यांची वारुळे खणून पाहिली. दालनाची जमीन गुळगुळीत असते आणि घुमटासारखे छत मात्र मुंग्या मुद्दाम खडबडीत ठेवतात, असे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. आपल्या जाहिरातीतही ‘नैसर्गिक खडबडीत छत’ हे शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरात आहेत. मी या घराची निवड केली ती त्या तीन शब्दांवर विश्वास ठेवून.

प्रत्यक्षात ते छत काय निघाले? गुळगुळीत ॲक्रिलिकची पट्टी, तिच्यावर पांढऱ्या गोंदाचा एक थर आणि त्यावर भुरभुरलेली वाळू. कोरडी असताना ही वाळू घट्ट बसलेली दिसते, मुंग्याही तिला छान धरून बसतात. पण हा गोंद लाकूडकामाला वापरतात तसला, ओल लागली की मऊ पडणारा आहे. आपण माहितीपत्रकात काय सांगता? पाण्याची टाकी कायम खुणेपर्यंत भरलेली ठेवा आणि संचाबरोबर दिलेले हीट पॅड घराच्या तळाखाली ठेवा. पाण्याची टाकी तळाशीच आहे. पॅडने पाणी कोमट होते आणि वाफ वर जाते. इथे हिवाळ्यात आणि मार्चमध्येही रात्री गार असतात, त्यामुळे वरची ॲक्रिलिकची पट्टी थंड राहते आणि तिच्या आतल्या बाजूला दव धरते. म्हणजे ते दव नेमके गोंदाच्या थरावर. आपण दिलेली प्रत्येक सूचना पाळली की हे छत पडणारच अशी या घराची रचना आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस मला वाळूच्या कडेला दुधट पांढरी रेघ दिसली. तिचा फोटो काढून मी त्याच रात्री आपल्याला पाठवला होता. ‘छत सुटते आहे का?’ एवढाच प्रश्न विचारला होता. उत्तर आले नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लाल दिव्याच्या उजेडात घर पाहायला गेले तर दालनाचा अर्धा भाग रिकामा होता आणि वाळूचा एक सलग पापुद्रा जमिनीवर उलटा पडला होता. काही मडकी फुटली होती. जमिनीवर चिकट पाक झाला होता, त्यात लहान कामकरी मुंग्यांचे पाय अडकले होते आणि बाकीच्या तो पाक चाटून आवरायचा प्रयत्न करत होत्या. एक मडके न फुटता कुशीवर पडले होते. त्याच्या सहाही पायांत वाळूचा तुकडा अजून घट्ट धरलेला होता. तिने पकड सोडलेली नव्हती, तिने धरलेले छतच सुटून आले होते.

आता आपल्या ग्राहक सेवेच्या उत्तरांकडे येते.

पहिले उत्तर : ‘काळजी करू नका, खाली पडलेल्या मुंग्या आपोआप वर चढतात.’ चढत नाहीत. भरलेल्या पोटाचे वजन तिला पेलत नाही. मॅकूक यांनीही पाहिले होते की पडलेली मडकी पडल्या जागीच राहतात. इतर मुंग्या त्यांना चाटून स्वच्छ करतात, पण वर नेऊन लटकवत नाहीत. मेलेल्या मडक्याचे पोट मुंग्या धडापासून वेगळे करतात आणि तो मधाने भरलेला गोळा न फोडता मेलेल्यांच्या ढिगापर्यंत ढकलत नेतात, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. तेच माझ्या टेबलावर पुढचा आठवडाभर चालले होते. ज्या कंपनीने खास या मुंग्यांसाठी घर विकायला काढले तिच्या सेवा विभागाला एवढेही ठाऊक नसावे, याचे मला खरोखर वाईट वाटले.

दुसरे उत्तर : ‘या वाळवंटी मुंग्या आहेत, तुम्ही पाणी जास्त घातले.’ पाणी खुणेच्या वर एक मिलिमीटरही नव्हते, फोटोत खूण आणि पाण्याची पातळी दोन्ही स्पष्ट दिसतात. शिवाय मुद्दा मुळातच चुकीचा आहे. वाळवंट वर आहे. या मुंग्या राहतात जमिनीत खोल, जिथे गारवा आणि ओल टिकून असते, आणि बाहेर येतात त्याही रात्री. त्यांना ओल हवीच. घरही ती ओल सोसणारे हवे. हेच माहितीपत्रकात पान दोनवर ‘टाकी कधीही कोरडी पडू देऊ नका’ असे छापले आहे आणि तक्रार आल्यावर सेवा विभाग पाणी घातल्याचा दोष ग्राहकावर टाकतो.

तिसऱ्या उत्तराने मात्र मी अस्वस्थ झाले. ‘नुकसानभरपाई म्हणून भारतातून एक राणी मुंगी आणि वीस कामकरी टपालाने पाठवतो, कस्टमवाल्यांना कळणार नाही.’ हे आपल्या कर्मचाऱ्याने ई-मेलमध्ये लिहून दिले आहे. जिवंत मुंग्या अमेरिकेत आणायला इथल्या कृषी विभागाचा परवाना लागतो. इतकेच काय, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाही लागतो. परक्या मुंग्या निसटल्या तर इथल्या जातींचे काय होते हे लाल आगमुंग्यांनी दाखवून दिले आहे, कायदा उगीच नाही. 2025 मध्ये केनियात सुमारे पाच हजार मुंग्या देशाबाहेर नेण्याच्या बेतात असलेल्या चौघांना न्यायालयाने जबर दंड ठोठावला. त्यात बेल्जियमचे दोन तरुण होते. त्या राण्याही टेस्ट ट्यूबमध्ये कापूस घालूनच भरल्या होत्या. मुंग्या पाळण्याचा छंद जगभर आधीच संशयाने पाहिला जाऊ लागला आहे. प्रामाणिकपणे, आपल्या परिसरातली राणी घेऊन पाळणाऱ्या माणसांचे अशा एका पाकिटाने किती नुकसान होईल याचा विचार आपण करावा. असे पार्सल मी स्वीकारणार नाही आणि आपण ते कुणालाच पाठवू नये.

जाहिरातीबद्दलही लिहिणे भाग आहे. ‘घरच्या घरी मुंग्यांचा मध चाखा’ या ओळीवर आपण ज्या मुंगीचे छायाचित्र छापले आहे ती ऑस्ट्रेलियातली कॅम्पोनोटस इन्फ्लाटस आहे. माझ्या मुंगीशी तिचा वंश वेगळा, देश वेगळा. पोट साठवणीचे भांडे करण्याची रीत दोघींमध्ये स्वतंत्रपणे आली. मध्य ऑस्ट्रेलियात मुळचे रहिवासी, विशेषतः बायका, मुल्गा झाडांखाली खणून या मुंग्या काढतात. कुठे खणायचे, किती घ्यायचे हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्यांच्या पूर्वजकथांशी ते जोडलेले आहे. 1971 मध्ये तिथल्याच पापुन्या या वस्तीतल्या शाळेच्या भिंतीवर तिथल्या ज्येष्ठांनी याच हनी अँटची कथा रंगवली आणि तिथून त्यांच्या चित्रकलेची मोठी चळवळ उभी राहिली. त्या लोकांच्या हातातल्या मुंग्यांचे छायाचित्र, नावगाव काही न देता, टेबलावर ठेवायच्या डब्याच्या जाहिरातीला लावणे मला पटत नाही. आणि पाळलेल्या लहान वसाहतीतली मडकी काढून खाणे म्हणजे त्या वसाहतीचे कोठार रिकामे करणे. आपली जाहिरात पाहून एखादे मूल तेच करील.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. घराची आणि कुरिअरची मिळून 17,700 रुपयांची पूर्ण रक्कम त्याच खात्यात परत करावी. पुढच्या खरेदीवरची सवलत मला नको आहे, ती आपण दोनदा देऊ केली आणि मी दोनदा नाकारली. या बनावटीची घरे ज्यांच्याकडे गेली आहेत त्या सर्वांना टाकी आणि हीट पॅड एकत्र वापरू नका असे लगेच कळवावे. हे मला परताव्याहून निकडीचे वाटते, कारण त्यांची छते अजून पडायची असतील. पुढच्या घरांचे छत कृपा करून जिप्समचे किंवा कच्च्या विटेसारख्या सच्छिद्र वस्तूचे, अखंड कोरलेले करावे. चिकटवलेली वाळू नको. उष्णता द्यायचीच तर ती एका बाजूने द्यावी, म्हणजे मुंग्यांना गार-गरम जागा निवडता येईल. जाहिरातीतली मध चाखण्याची ओळ आणि ते छायाचित्र काढून टाकावे. टपालाने मुंग्या पाठवण्याबद्दल आपल्या कर्मचाऱ्यांना काय सूचना दिल्या तेही मला लेखी कळवावे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझ्या पहिल्या ई-मेलला त्याहून जास्त काळ लोटला आहे. या पत्राची पोच मिळाली नाही किंवा महिनाभरात परतावा झाला नाही, तर मी ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही कारणांसाठी ग्राहक आयोगाकडे जाईन. सगळा ई-मेल व्यवहार माझ्याकडे जपून ठेवलेला आहे.

राणी वाचली आहे. उरलेली वसाहत मी जिप्समच्या एका साध्या घरात हलवली असून वाचलेल्या मडक्यांनी तिथल्या छताला पकड घेतली आहे. आपले घर आणि गळालेला पापुद्रा मी फेकलेला नाही. तपासणीसाठी तो हवा असल्यास परतीच्या कुरिअरचा खर्च आपण करावा आणि पाठवण्याचा पत्ता ई-मेलने कळवावा. स्वच्छ करून पाठवीन, त्यात एकही जिवंत मुंगी नसेल याची खात्री बाळगावी.

कळावे,

आपली ग्राहक
(नाव व पत्ता पावतीप्रमाणे)
ट्यूसन, ॲरिझोना

सोबत : पावती, माहितीपत्रकाच्या पान दोनची प्रत, छताचे व टाकीच्या खुणेचे फोटो, ग्राहक सेवेचे तीन ई-मेल