मिरजेतल्या मेडिकलवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

सांगली, मिरज, कुपवाडमध्ये गुडघा, खुबा, मणक्याच्या ऑपरेशननंतर पेशंटच्या घरी व्यायाम घ्यायला जाणारे आम्ही फिजिओथेरपिस्ट. तुमचं नाव आणि दुकानाची जागा मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्या घरी तुमच्या हातची तारखा टाकलेली पाकिटं आली, ते ओळखतीलच. ट्रॅमाडॉल, म्हणजे ऑपरेशननंतर दिली जाणारी अफूवर्गीय दुखण्याची गोळी, एकदम न तुटता हळूहळू उतरावी म्हणून तुम्ही काउंटरवर जो वेळ देता, त्याचे आभार मानायला हे पत्र.

मिरजेत ऑपरेशनला जत, आटपाडी, कवठेमहांकाळहून माणसं येतात, तशी पलीकडून, कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीहूनही. टाके निघाले की गावी परततात. दुखतंय म्हणून गोळी चालूच राहते आणि एक दिवस स्ट्रिप संपते. ट्रॅमाडॉल एच-१ या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे, २०१८ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही आणि मिळूही नये. घरचे म्हणतात, बरं झालं, पेनकिलर सुटली. आणि साधारण १२ ते २४ तासांत जांभया सुरू होतात. मग नाक-डोळे गळतात, अंगावर काटा येतो, घाम सुटतो, पोटात मुरडा येऊन जुलाब लागतात, पाय एका जागी ठरत नाहीत, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी याचा जोर सर्वांत जास्त असतो. आठवडा-दहा दिवसांत बहुतेक ओसरतं, झोप मात्र त्याहून उशिरा रुळते. ट्रॅमाडॉलमध्ये भर म्हणजे घबराट आणि हातापायाला मुंग्या, कारण ही गोळी अफूवर्गीय औषधांसारखी चालते तशीच मेंदूतल्या सिरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांवरही काम करते. सुटताना दोन्हीकडून ओढ बसते.

घरात हे कुणालाच ओळखू येत नाही. व्हायरल असेल म्हणतात, सांधा बिघडला म्हणतात. तुम्ही पहिला प्रश्न विचारता तो साधा असतो: दुखतंय कुठे? जखमेचं दुखणं जखमेपाशी असतं, पाय वाकवला की वाढतं. गोळी सुटल्याचं दुखणं पाठ, मांड्या, पोटऱ्या असं सगळ्या अंगभर पसरतं, आणि सोबत जांभया नि वाहणारं नाक असतं. आम्हीही आता व्यायामाआधी हेच विचारतो.

चार-पाच दिवस गोळी घेऊन थांबलेल्यांना तुम्ही उगाच घाबरवत नाही, हेही महत्त्वाचं. त्यांना बहुधा काही होत नाही. रोज, ठरल्या वेळी, काही आठवडे घेतलेल्यांचा प्रश्न वेगळा. गोळी ज्या नसांना शांत ठेवते, त्या नसा तिची सवय लावून घेऊन आतून जास्त जोराने काम करू लागतात. गोळी अचानक निघाली की तो जोर मोकाट सुटतो. घाम, काटा, धडधड, जुलाब सगळं त्यातूनच येतं. हे सावकाश समजावलं की पेशंटची मान वर होते. शरीराला सवय लागणं आणि व्यसन लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सत्तरीच्या आजींना हे सुनेसमोर कुणीतरी सांगावं लागतं. ते तुम्ही सांगता.

आता पाकिटांबद्दल. तुम्ही स्वतःच्या मनाने डोस ठरवत नाही. सर्जनला फोन लावता, नवी चिठ्ठी मागवता, रजिस्टरला नोंद करता, मगच स्ट्रिप कापता. दिवसातून चार वेळा ५० मिलिग्रॅमची कॅप्सूल घेणाऱ्या पेशंटसाठी डॉक्टरांनी दिलेला एक क्रम आम्ही पाहिला आहे: आधी दुपारची बंद, तीन-चार दिवस तसंच, मग संध्याकाळची, मग सकाळी व्यायामाआधीची आणि रात्रीची एवढ्या दोनच, त्यानंतर सकाळची बंद आणि शेवटी रात्रीची. ज्या वेळी दुखणं कमी तिथला डोस आधी जातो, झोपेचा सगळ्यात शेवटी. पन्नासवरून थेट शून्यावर येणं जड जातं, म्हणून तिथे डॉक्टर कधी ३७.५ मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलसोबतची गोळी देतात. कितीतरी महिने घेत आलेल्यांना हा वेग चालत नाही, त्यांना आठवड्याला किंवा महिन्याला दहा टक्के इतकं सावकाश उतरावं लागतं. एखादी पायरी झेपली नाही तर तिथेच थांबायचं, पण मागे जायचं नाही, आणि डॉक्टरांना कळवायचं. प्रत्येक पाकिटावर तारीख, वेळ आणि खूण करायला चौकोन. एवढ्यानेच "मघाशी घेतली होती का?" हा प्रश्न मिटतो.

१०० मिलिग्रॅमची एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी अर्धी करून डोस कमी करायचा उद्योग घरोघरी होतो. ती मोडली किंवा चावली की बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. अशा वेळी गोळीच बदलून घ्यायची, हे तुम्ही तिच्या पाकिटावर लाल शाईने लिहिता. त्याच शाईत पॅरासिटामॉलची बेरीजही असते. दुखण्याच्या गोळीतलं ३२५, तापाच्या गोळीतलं ६५०, सर्दीच्या गोळीतलं ५००, सगळं एकाच यकृतावर पडतं. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही; वयस्कर, बारीक अंगाच्या किंवा यकृताचा त्रास असलेल्यांना त्याहून बरंच कमी, डॉक्टर सांगतील तेवढंच.

झोप येत नाही म्हणून शेजाऱ्यांची झोपेची गोळी घेणं, किंवा 'थोडी' दारू, याला तुम्ही किती ठामपणे नाही म्हणता! ट्रॅमाडॉल चालू असताना त्यावर ही घेतली तर श्वास मंदावतो. नैराश्याच्या काही गोळ्या चालू असतील तर फिट येण्याचा आणि सिरोटोनिन वाढण्याचा धोका असतो. मधुमेह्यांची साखर कधी अचानक उतरते. ही चौकशी तुम्ही पहिल्याच दिवशी करता, म्हणून पुढचं पुष्कळ टळतं.

जुलाबासाठी ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात नाही. मऊ भात, मीठ घातलेलं ताक. भडंग नि मिरचीचा ठेचा आठ दिवस लांब. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड सांगितलं तेवढंच, कारण जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात. चारनंतर चहा नाही. पायांची तळमळ वाढली तर घरातल्या घरात वॉकर घेऊन फेऱ्या, घोटे वर-खाली, आणि सांध्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं. व्यायामाच्या आधी पाऊण तास गोळी, हे वेळापत्रक तुम्ही आम्हाला फोन करून जुळवून घेता. त्याने आमचं काम अर्ध्यावर येतं.

आणि पाकिटांसोबत देता त्या सूचनांच्या कागदाच्या तळाशी, चौकटीत: ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, जखमेतून पू किंवा वाढती लाली, एका पोटरीला सूज आणि दुखणं, धाप, फिट, लघवी कमी होणं. यातलं काहीही दिसलं तर ते गोळी सुटल्याचं मानून घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना. मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर १४४१६, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. गोळीवाचून राहवत नसेल तर १४४४६, व्यसनमुक्तीची हेल्पलाइन. हे नंबर तुम्ही काउंटरच्या काचेवर चिकटवलेत, पेशंटच्या डोळ्यांच्या उंचीवर.

आणखी एक गोष्ट तुम्ही विसरत नाही. पंधरा दिवस गोळी सोडलेल्या माणसाने त्रास झाला म्हणून पूर्वीचा पूर्ण डोस एकदम घेतला, तर तोच त्याला जास्त होतो, कारण तोवर शरीराची सवय मोडलेली असते. म्हणून उरलेल्या कॅप्सूल तुम्ही घरात राहू देत नाही. परत आणायला लावता, आणि नाही आणल्या तर फोन करता.

काका, एक विनंती आहे. अथणी-चिकोडीकडच्या पेशंटसाठी तुमचा तो कागद कानडीत करून घेऊ या. छपाई आम्ही बघतो; मजकूर तपासायला कानडी जाणणारे एक डॉक्टर तयार आहेत. लाल शाईच्या ओळी मात्र लालच ठेवू.

आपले नम्र,
सांगली-मिरजेत घरोघरी जाणारे फिजिओथेरपिस्ट