जुनी नाणी घासू नका, तोलून पाहा

महोदय,

जुन्या वस्तू जवळच्या विक्रेत्याकडून घेताना त्या हातात घेऊन तपासता येतात. पण बहुतेकांचा सगळा वेळ भाव करण्यातच जातो.

चांदीचं नाणं चुंबकाला चिकटलं तर ते नक्कीच बनावट. चिकटलं नाही म्हणून मात्र ते चांदीचं ठरत नाही, कारण पितळही चिकटत नाही. खरी परीक्षा घनतेची. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर नाण्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि बारीक दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. दिसेल त्या आकड्याने वजनाला भागा. शुद्ध चांदीचं उत्तर १०.५ च्या आसपास येतं, पितळेचं साधारण ८.५. नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर उत्तर कमी येतं, म्हणून आधी ते झटकावेत. स्वयंपाकघरातला साधा काटा इथे उपयोगाचा नाही.

विक्रेत्यांना कळकळीची विनंती: विकण्याआधी नाणी चकचकीत करू नका. काळपट थराबरोबर बारीक नक्षीही झिजते, ती परत येत नाही.

जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून पाहा. कोळिष्टकासारखे धागे म्हणजे बुरशी. शटर एक सेकंदावर ठेवून दाबा, वंगण घट्ट झालं असेल तर ते इथेच अडखळतं. आणि लाखेच्या ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे) ग्रामोफोन तबकड्या स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख त्यात विरघळते.

– एक संग्राहक