घरचा कॅमकॉर्डर घेताना आधी आवाजाचं बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सणाच्या खरेदीचं पान होतं, त्यात मोबाईल, टीव्ही, घड्याळं सगळं होतं आणि कोपऱ्यात चार ओळी व्हिडिओ कॅमेऱ्यावर होत्या, की मेगापिक्सेल जास्त बघा, फोरके आहे का बघा, झूम किती ते बघा. बस्स एवढंच. ते वाचल्यापासून राहवत नाहीये, कारण आमच्या घरी नेमकं हेच आकडे बघून कॅमेरा घेतला गेला होता आणि त्यात आमचं काय गेलं ते आम्हालाच माहीत. त्यातून माझ्या पुतण्याला चार महिन्यांपूर्वी मुलगी झाली आणि तो परवा फोनवर विचारत होता, काका एखादा साधा कॅमकॉर्डर सांगा ना, बाबांना पण चालवता येईल असा. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, लांबलंय थोडं पण कापू नका ही विनंती.

आधी आमचं सांगतो. २००६ साली आजीचं सहस्रचंद्रदर्शन केलं चिपळूणला. त्यासाठी आतेभावाने अमेरिकेतून येताना मिनीडीव्ही टेपचा कॅमकॉर्डर आणला, तेव्हा ते फार मोठं अप्रूप होतं, सगळी पोरं त्याच्याभोवती. हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर उभं राहून, झूम करून करून, दोन टेपा भरून शूटिंग केलं. मिनीडीव्हीची एक टेप साठ मिनिटांची, म्हणजे दोन तास झाले. त्या दोन तासांत आजी दिसते, ओवाळताना दिसते, तराजूत बसून तुला होताना दिसते, सगळे नातेवाईक दिसतात, पण एकाचाही शब्द धड ऐकू येत नाही. स्पीकरचा घुमणारा आवाज, पंखे, भांडी, आणि मधेमधे झूमच्या मोटरची घरघर. चित्र छान आहे पण माणसं मुकी.

आणि तिसऱ्या टेपवर, दुसऱ्या दिवशी दुपारी, आतेबहिणीने सहज म्हणून कॅमेरा पाटावर ठेवला आणि आजीसमोर बसली. आजी माजघरात वाती वळत होती. कापूस तळहातावर घ्यायची, बोटांनी ओढायची, गालावर घासून पीळ द्यायची आणि बोलत होती, लग्न होऊन आली तेव्हा दाभोळहून लाँचने गोवळकोटच्या धक्क्यावर कशी उतरली, पाऊस होता, ट्रंक कुणी धरली. अकरा मिनिटं फक्त. पण कॅमेरा हातभर अंतरावर होता म्हणून एकेक शब्द स्वच्छ आहे, वात ताटलीत ठेवली की तिची बांगडी वाजते ती सुद्धा ऐकू येते. २००९ ला आजी गेली. त्या दोन तासांच्या टेपा आम्ही नंतर कधी लावल्याच नाहीत, लावल्या त्या ही अकरा मिनिटं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, घरासाठी कॅमेरा घेताना दोन गोष्टी आधी बघा, त्यात आवाज कसा येतो आणि आतलं रेकॉर्डिंग वीस वर्षांनी बाहेर काढता येईल का. बाकीचं नंतर.

आता आकड्यांचं. ऑनलाइन बघितलं तर स्वस्तातले कॅमकॉर्डर दिसतात, नाव कधी न ऐकलेलं, आणि वर लिहिलेलं अठ्ठेचाळीस मेगापिक्सेल, सोळा एक्स डिजिटल झूम. अहो फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, दोन मेगापिक्सेलच्या आसपास, आणि फोरके म्हणजे ३८४० गुणिले २१६०, आठच्या थोडं वर. मग व्हिडिओसाठी अठ्ठेचाळीसचं करायचं काय? असले आकडे बरेचदा आत सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात. आणि डिजिटल झूम म्हणजे झूम नाहीच, आहे त्याच चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करायचा, तो आपण कॉम्प्युटरवर पण करू शकतो. खरा झूम ऑप्टिकल, त्यात आत काचा पुढेमागे सरकतात. शाळेच्या गॅदरिंगला शेवटच्या रांगेत बसून आपलं पोरगं ओळखू यायला हवं असेल तर ऑप्टिकल झूमचाच आकडा विचारा, दुसरा विचारूच नका.

लोक म्हणतात मोबाईल असताना कॅमकॉर्डर कशाला. घरात बाळ रांगतंय, हसतंय, त्याला मोबाईल पुरतो आणि चांगला पुरतो, त्याबद्दल वाद नाही. पण तासाभराची मुंज, दोन तासांचं कीर्तन, पोरांचं नाटक, तिथे मोबाईलवर मधेच फोन येतो, मेमरी भरते, हात दुखतो, आणि लांबचं काढायला गेलं की चेहरे चिखलासारखे होतात. आणि मग ते व्हिडिओ आपण व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवतो, तिथे ते दाबून लहान होतात, मूळ फोन बिघडला की आपल्याकडे राहतो तो तो दाबलेला तुकडा. फोटोच्या कॅमेऱ्यांचं पण एक आहे, बऱ्याच मॉडेलमध्ये एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबतं, कारण युरोपात अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणारा कॅमेरा हा व्हिडिओ कॅमेरा धरून जास्त जकात लागायची. ऐन मंगलाष्टकात कॅमेरा बंद पडलेला कळला की काय होतं ते ज्याच्यावर आलंय त्यालाच ठाऊक. कॅमकॉर्डर मात्र कार्ड आणि बॅटरी आहे तोवर चालतो, आणि लाल बटण एकच असतं, आमचे दादा, म्हणजे पुतण्याचे बाबा, वयस्क आहेत, त्यांना एकदा दाखवलं की जमतं.

साध्यातला साधा म्हणून मी पुतण्याला सोनीचा एचडीआर-सीएक्स४०५ सांगितला. २०१५ चं मॉडेल आहे, म्हणजे नवीन काही नाही, फोरके नाही, पण ३० पट ऑप्टिकल झूम आहे, लेन्स पुरेशी रुंद आहे म्हणजे आपल्या छोट्या खोल्यांत पण सगळे मावतात, वजन हलकं, आणि बॅटरी सुटी निघते. हे सुट्या बॅटरीचं लोकांना किरकोळ वाटतं पण तसं नाहीये, आत बसवलेली बॅटरी दोन-तीन वर्षांनी उतरली की अख्खा कॅमेरा फेकायची वेळ येते. याची एनपी-बीएक्स१ सोनीच्या दुसऱ्या कॅमेऱ्यांतही चालते म्हणून मिळते. दुसरी बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या. दुकानात नवीन नाही मिळाला तर वापरलेला बघा, पण हातात घेऊन, स्क्रीन उघडून, दहा मिनिटं रेकॉर्ड करून, आणि तिथेच टीव्हीला लावून ऐकून घ्या. बघून नाही, ऐकून.

त्याची मोठी उणीव पण सांगतो, त्याला बाहेरचा माइक लावायचं भोक नाहीये. बजेट असेल तर माइकचं सॉकेट असलेलाच घ्या, पॅनासॉनिकच्या एचसी-व्ही७८५ ला ते आहे, झूम २० पट म्हणजे कमी, पण मला विचाराल तर घरासाठी जादा दहा पट झूमपेक्षा माइकचं भोक जास्त मोलाचं. आणि नसेलच तर एक साधी युक्ती आहे, बोलणाऱ्या माणसाच्या खिशात किंवा ताटाशेजारी मोबाईल ठेवा, त्यात व्हॉइस रेकॉर्डर चालू करा, कॅमेरा पण चालू करा, आणि कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवा. नंतर कॉम्प्युटरवर दोन्ही टाळ्या जुळवल्या की आवाज जवळचा, चित्र लांबचं. लग्नाचे व्हिडिओवाले पण आवाजासाठी छोटा रेकॉर्डर जवळ ठेवतातच. पंखा शक्य असेल तर पाच मिनिटं बंद करा, टीव्ही बंद करा, कुकर लावू नका, एवढ्यानेच अर्धं काम होतं.

अजून एक, परदेशातून मागवू नका. आमच्या त्या अकरा मिनिटांत माजघरातली ट्यूबलाइट सारखी धडधडताना दिसते, उजेड कमी-जास्त कमी-जास्त होत राहतो. डोळ्यांनी तसं काही दिसत नव्हतं. कारण कॅमेरा अमेरिकेचा, एनटीएससी म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीचा, सेकंदाला साठच्या हिशोबाने चित्र घेणारा, आणि आपली वीज ५० हर्ट्झची. ते जुळत नाही. आजीच्या तोंडावरचा उजेड त्यामुळे हलतो आणि आता तो काही केल्या नीट होत नाही. आपल्याकडे विकलेला, पाल म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचा, मेनूत ५० चा पर्याय असलेला घ्या, बऱ्याच कॅमकॉर्डरमध्ये हे नंतर बदलता येत नाही. तिकडच्या मुलांना प्रेमाने काही आणायचंच असेल तर दुसरं काही आणायला सांगा.

आता दुसरी गोष्ट, बाहेर काढायची. मिनीडीव्हीच्या टेपा कॉम्प्युटरवर घ्यायला फायरवायर नावाची खास केबल लागायची, आणि तासाची टेप उतरवायला तासच लागायचा, म्हणून आम्ही आज करू उद्या करू करत राहिलो. मग लॅपटॉपमधून फायरवायरची जागाच गायब झाली. मग कॅमेऱ्याचं टेप फिरवायचं यंत्र अडकलं. एकाकडे दुरुस्तीला दिलं तर त्याने चार महिने ठेवून तसंच परत दिलं. टेपा खालच्या ड्रॉवरमध्ये, पावसाळ्यात बुरशी येते म्हणून कापूर ठेवून. आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. आठवडाभराने ड्रॉवर उघडला तर आत चिखल, टेपेच्या डब्या चिखलाने भरलेल्या, एक उघडली तर आतली रिबीन ओल्या शेवाळासारखी हाताला आली. चिपळुणात कितीतरी घरांत अल्बम, कॅसेटी अशाच गेल्या, रस्त्यावर ढीग होते.

ती अकरा मिनिटं वाचली ती केवळ आतेबहिणीमुळे. तिच्या जुन्या कॉम्प्युटरला फायरवायरचं कार्ड होतं आणि तिने २०१२ मध्ये ती एकच टेप उतरवून डोंबिवलीला ठेवली होती. बाकी दोन तास, माझ्या वडिलांचं त्यातलं भाषण, गेलंच.

म्हणून आजचे कार्डवाले कॅमेरे खरंच चांगले, टेपेसारखं अडकायचं काही नाही. पण कार्डावर ठेवू नका हो, कार्ड हे कपाट नाही. या सोनीवर वरच्या क्वालिटीला, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिटला (एमबीपीएस), तासाला बावीसेक जीबी लागतात, ६४ जीबीच्या कार्डावर अडीच तासांहून थोडं जास्त बसतं, त्यामुळे कार्ड भरतं आणि लोक जुनं पुसून नवीन काढतात. कार्ड नेहमीच्या खात्रीच्या दुकानातून, दहा क्लासचंच, म्हणजे वेगाने लिहिणारं, घ्या, नकली फार आहेत. एव्हीसीएचडी या रेकॉर्डिंगच्या प्रकारात काढत असाल तर कार्डातलं अख्खं फोल्डर कॉपी करा, मोठं रेकॉर्डिंग त्यात आतल्या आत तुकड्यांत ठेवलेलं असतं, एखादीच फाइल उचलली तर मधूनच तुटतं. आणि एक कॉपी आपल्या घरी, एक दुसऱ्या गावात, बहिणीकडे, मुलाकडे, कुणाकडेही, पण दुसऱ्या गावात.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी खरेदीचं पान कराल तेव्हा कॅमेऱ्याच्या तक्त्यात मेगापिक्सेलच्या ऐवजी हे रकाने घाला, माइकचं सॉकेट आहे का, ऑप्टिकल झूम किती, बॅटरी सुटी निघते का, ५० हर्ट्झला चालतो का. पुतण्याने वापरलेला सीएक्स४०५ घेतलाय, गेल्या आठवड्यात आला. पहिलं रेकॉर्डिंग बाळाचं नाही केलं, दादांचं केलं, बाळाला मांडीवर घेऊन ते तिला गोवळकोटच्या धक्क्याची तीच गोष्ट सांगतायत, मोबाईल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. पंखा बंद होता.

आपला,
एक नियमित वाचक,
चिपळूण